उपाशी जिवाणूचं विष

तळोज्यात आमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून पहिली निवासी इमारत उभी राहिली आणि लोक राहायला आल्या आल्या सोसायटीचे सेक्रेटरी तीन माणसं घेऊन आमच्या गेटवर हजर झाले. गेटवरच्या रखवालदाराचा मला फोन आला. "मॅडम, ही माणसं म्हणतायत की आपण इथं विष बनवतो. काय सांगू?"

"खरं आहे म्हणून सांग, आणि आत पाठव," मी म्हटलं.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ होते. खुर्चीत टेकत म्हणाले, "मॅडम, या एमआयडीसीचा वास आम्ही सहन करतो. घर स्वस्त मिळालं, तेव्हा तो आलाच. पण विष म्हणजे टू मच झालं."

मी त्यांना विचारलं, "घटसर्प ऐकलाय?"

चौघांपैकी तिघांनी माना हलवल्या, नाही. बरोबर आलेल्या एक वयस्कर बाई मात्र म्हणाल्या, "माझ्या मामाला झाला होता लहानपणी. घशात पांढरा पडदा धरतो. श्वास कोंडतो."

"तोच," मी म्हटलं. मग समजावून सांगितलं. जिवाणू स्वतः घशातच बसून राहतो, पण त्याने सोडलेलं विष रक्तातून थेट हृदयापर्यंत जातं. पोर दगावतं ते बहुतेकदा त्या विषाने. आम्ही तो जिवाणू बंद टाकीत वाढवतो, त्याचं विष गाळून घेतो आणि त्यात फॉर्मालिन घालून ते उबेत ठेवून देतो. हळूहळू विषाची धार जाते, रूप मात्र तेच राहतं. हे मेलेलं विष म्हणजेच लस. लहान बाळाला दंडात किंवा मांडीत टोचतात, त्या त्रिगुणी लशीतला एक गुण आमचा.

मंडळींचं समाधान झालं. काचेतून मी त्यांना टाकीही दाखवली. निघताना सेक्रेटरी जरा मागे रेंगाळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, आमच्या तळमजल्यावर उंदीर फार झालेत. थोडंसं मिळेल का?"

नोकरीभर अशी माणसं भेटत राहिली. पनवेलच्या बाजारात कुणी विचारलं, तर मी "औषध कंपनीत आहे" एवढंच सांगायचे, कारण खरं सांगितलं की भाजीवाली एक पाऊल मागे सरकायची. आता निवृत्त आहे, नवीन पनवेलमध्ये घरीच असते, तेव्हा उघड सांगायला हरकत नाही. मी घटसर्पाचं विष बनवत होते. आणि चांगलं बनवत होते.

बाहेरच्यांना वाटतं, जिवाणू वाढवला की विष मिळालंच. तसं असतं तर हे काम कुणीही केलं असतं. गंमत अशी की हा जिवाणू खाऊनपिऊन सुखात असला की विष बनवतच नाही.

त्याचं कारण थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. जिवाणूच्या आत एका लांबलचक रेणूवर त्याच्या सगळ्या प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या असतात. एक कृती म्हणजे एक जनुक. पण आपल्याला पुरणपोळी येते म्हणून आपण ती रोज करत नाही. जिवाणू तर महाकंजूष. गरज नसलेली कृती तो बंद ठेवतो. ती बंद ठेवणाऱ्या प्रथिनाला रिप्रेसर म्हणतात. हा रिप्रेसर जनुकाच्या अगदी सुरुवातीला जाऊन चिकटतो. कृतीची नक्कल काढणारं यंत्र तिथं आलं की त्याला पुढं सरकायला वाट राहत नाही. नक्कल नाही म्हणून प्रथिन नाही.

घटसर्पाच्या जिवाणूतला रिप्रेसर लोहावर चालतो. आजूबाजूला लोह मुबलक असलं की लोहाचे कण त्याला येऊन जुळतात, त्याचा आकार पक्का होतो आणि तो विषाच्या जनुकावर घट्ट बसतो. लोह आटलं की त्याची पकड सुटते. जनुक मोकळं होतं, भराभर नकला निघतात आणि विष तयार होऊ लागतं. यातही जिवाणूचं शहाणपण आहे. माणसाचं शरीर आपलं लोह फार जपून ठेवतं, मोकळं असं हाती लागू देत नाही. त्यामुळे लोहाची चणचण म्हणजे आपण माणसाच्या अंगात आहोत, ही त्याला जणू खूणच. मग हत्यार बाहेर काढायचं.

म्हणून आमचं सगळं कसब त्याला अर्धपोटी ठेवण्यात होतं. लोह अजिबात दिलं नाही तर तो वाढत नाही. कणभर जास्त झालं तर वाढतो छान, पण विष शून्य. पाणी, काच, पोषकद्रव, नळी, प्रत्येक गोष्टीतलं लोह काढून मगच आम्ही कामाला लागायचो. नव्याने लागलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी केसांतल्या पिना आणि बांगड्यांतल्या सेफ्टीपिना काढून ठेवायला लावायचे.

माझं माहेर उरणजवळ करंज्याला, कोळीवाड्यात. वडिलांची होडी होती, आई मासळी विकायची. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, दामू. तो चालायला लागला आणि घटसर्पाने गेला. मी जन्मलेही नव्हते. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे, फक्त नारळी पौर्णिमेला आई समुद्राला एक जादा नारळ सोडायची.

मी काय काम करते, हे आईला मी कधी नीट सांगितलंच नव्हतं. ते तिला शेजारणीकडून कळलं. मी सुट्टीला घरी गेले, तेव्हा ती ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. वर न बघताच तिने विचारलं, "कुंदे, खरा सांग. तू कंपनीत काय करतंस?"

"लस करते."

"ती कमळी सांगत होती, तुमी इख बनवता. कसला इख?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हटलं, "घटसर्पाचं."

तिचे हात थांबले. "ज्या सर्पानं माझा पोर नेला, त्याला तू पोसतंस?"

मी तिच्याजवळ खाली बसले आणि सोसायटीवाल्यांना पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं तेच तिला सांगितलं, फक्त सोप्या शब्दांत. विष काढतो, ते मारतो, मेलेलं विष पोराला टोचतात. अंगाला त्याची ओळख राहते. खरा सर्प आला की अंग त्याला उंबऱ्यातच ठेचतं.

आईने विचारलं, "म्हंजी आदी जिता इख बनवाया लागतं?"

"लागतं."

"ता नाय बनला तर?"

"तर लस नाही."

तिने पुन्हा बोंबील हातात घेतला. "मंग चांगला जहाल बनव. पातळ नको."

ती असं म्हणाली, त्यानंतर किती तरी वर्षं आमचं विष जहालच निघत होतं. आणि मग एका उन्हाळ्यात ते नाहीसं झालं.

पहिली टाकी, म्हणजे टाकीची एक खेप, फसली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जिवंत गोष्टींचं काम आहे, एखादी टाकी फसते. दुसरी फसली. तिसऱ्या टाकीला अगदी थोडं विष आलं, चौथीला काहीच नाही. आणि जिवाणू मात्र असा माजला होता की टाकीतला रस दाट, गढूळ दिसायचा. इतकी उत्तम वाढ मी आयुष्यात पाहिली नव्हती. शेतात हिरवंगार भात डोलावं आणि लोंब्यांत दाणाच नसावा, तसं चाललं होतं.

आमचे उत्पादनप्रमुख करंदीकर साहेब मूळचे पुण्याचे. हुशार, सरळ, पण एका वेळी एकच शक्यता धरून तिच्या मागं लागायची त्यांना सवय. लोहाचा संशय अर्थातच सगळ्यांना आधी आला. पाणी तपासलं, पोषकद्रव तपासलं, काच तपासली. लोह कुठंच नाही. मग साहेबांची नजर टाकीवर आणि टाकीवरून यासीनभाईंवर गेली.

यासीनभाई पनवेलचे. टाकीचं सगळं काम त्यांच्या हाती असायचं. ती धुणं, वाफ देणं, हवा सोडणं, फेस सांभाळणं, सगळं. टाकीच्या झाकणाला ते येता-जाता असा हात लावायचे, जशी घरातली माणसं गाईच्या पाठीला लावतात. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही टाकी तारेच्या घासणीनं घासली का?"

यासीनभाईंचा चेहरा उतरला. "साहेब, खुदाकसम, कधीच नाही. इतकी वर्षं लेकीसारखी जपली हिला."

"मग लोह येतं कुठून?"

टाकी आम्लाने धुवून घेतली, आतून आरशासारखी करून घेतली. पुढची टाकीही फसली. पण यासीनभाईंवरचा संशय कुणी उठवला नाही. ते दुपारच्या डब्याला आमच्यात बसेनासे झाले.

मग साहेबांनी दुसरी शक्यता धरली. "कुंदाताई, आपला जिवाणूच म्हातारा झालाय. विषाचं जनुक गमावून बसलाय."

हे अगदीच अशक्य नव्हतं. या जिवाणूचं विषाचं जनुक मुळात त्याचं स्वतःचं नाहीच. एक विषाणू त्याच्या आत घुसून कायमचा वस्तीला राहिलेला असतो, त्याने आणलेलं ते जनुक. पाहुण्याचं हत्यार आणि यजमानाचा पहारा, असा प्रकार. पाहुणा निघून गेला तर हत्यारही जातं. पण माझं मन हे मान्य करेना.

"साहेब, जनुक गेलं असतं तर विष थांबलं असतं, हे कबूल. पण वाढ का सुधारावी? आपण तर त्याला पूर्वीइतकंच उपाशी ठेवतोय. हा उपाशी जिवाणू नाही. हा जेवून ढेकर देणारा जिवाणू आहे. लोह कुठून तरी त्याच्या पोटात जातंय."

"रिपोर्ट म्हणतो नाही जात."

"जिवाणू म्हणतो जातंय. त्याच्या रिप्रेसरला खोटं बोलता येत नाही."

साहेब हसले, पण त्यांनी आपलंच खरं केलं. शीतगृहात राखून ठेवलेल्या मूळ बियाण्याची नवी कुपी फोडली. आणि काय सांगू, ती टाकी उत्तम उतरली! विष अगदी पूर्वीसारखं. साहेबांनी पनवेलहून पेढे मागवले. मीही पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, कुंदा, तू चुकलीस.

त्याच नव्या बियाण्याची पुढची टाकी फसली. तिच्या पुढची पार शून्य.

आता प्रकरण मुंबईला मुख्य कार्यालयात गेलं. तिथल्या संचालकांनी कळवलं की, सोमवारी येतो, बसून निर्णय घेऊ. निर्णय काय असणार हे आम्हाला ठाऊक होतं. आमचा विभाग बंद करून तयार माल बाहेरून घ्यायचा. बाहेरचा माल तरी कुठं मुबलक होता? हे विष बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक बंद म्हणजे कुठल्या तरी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात फ्रीज रिकामा. माझ्या डोळ्यांसमोर तो रिकामा फ्रीज यायचा आणि आईचं "पातळ नको" कानात वाजायचं.

शुक्रवारी दुपारी मी माझा डबा उचलला आणि यासीनभाई टाकीमागे एकटे जेवत होते तिथं जाऊन बसले.

"यासीनभाई, एकच टाकी चांगली उतरली. तेव्हा वेगळं काय झालं होतं?"

"नवीन बियाणं होतं, मॅडम."

"ते पुढच्या दोन टाक्यांनाही होतं. आणखी काय?"

त्यांनी घास तसाच ठेवला. इकडेतिकडे बघून म्हणाले, "मॅडम, साहेबांना सांगू नका. आधीच माझ्यावर शक आहे. त्या दिवशी तेलाचा पंप बंद पडला होता."

हे तेल काय, ते सांगायला हवं. टाकीत खालून हवा सोडली की रसाला साबणासारखा फेस येतो. फेस वर चढून हवेची गाळणी भिजवली तर सगळी टाकी वाया. म्हणून फेस चढला की पंप आपोआप थोडं खाद्यतेल आत सोडतो. तेल पडलं की फेस बसतो. पंप स्वतःच चालणारा, त्यामुळे किती तेल गेलं हे कुणी बघत नसे.

"मग फेस कसा सांभाळलात?"

"हवा कमी-जास्त करत बसलो. फेस मोडायला वरचा फिरता पंखा हाताने फेसापर्यंत चढवला. शिफ्ट संपेपर्यंत जागचा हललो नाही. अल्लाची मेहेरबानी, टाकी वाचली. पण सांगितलं असतं तर म्हणाले असते, पंपाकडे लक्ष नव्हतं."

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. "आणि जी टाकी पार शून्य गेली तेव्हा?"

"तेव्हा फेस फार होता. पंप सारखा चालू होता."

फेस जास्त, तेल जास्त, विष कमी. तेल नाही, विष भरपूर. आम्ही पाणी तपासलं, रस तपासला, काच तपासली, स्टील तपासलं. तेलात लोह असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तेल कुठं ठेवतात हो?"

"मागच्या शेडमध्ये. पहिले प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये यायचं. या उन्हाळ्यापासून ड्रम येतो."

आम्ही डबे तसेच टाकून शेडमध्ये गेलो. लोखंडी ड्रम होता. बाहेरून निळा, चकचकीत. यासीनभाईंनी बूच उघडलं आणि मी बॅटरी मारून आत पाहिलं. आतला रंगाचा थर पापुद्र्यांसारखा सुटला होता आणि त्याखाली तांबडा गंज चढला होता. तेलाला खवट वास येत होता. तेल खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल ड्रमचं लोखंड हळूहळू ओढून घेतं. डोळ्यांना तेल पिवळंच दिसतं.

मी बाटलीभर तेल घेऊन आधी प्रयोगशाळेत आणि तिथून करंदीकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले, यासीनभाईंना बरोबर घेऊनच. ते यायला तयार नव्हते. "आज तुम्ही यायचंच," मी म्हटलं.

लोह ओळखायची एक जुनी, कॉलेजात शिकवतात ती परीक्षा आहे. तेल आम्लात घुसळायचं, खाली बसलेलं पाणी वेगळं काढायचं आणि त्यात एका क्षाराच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. लोह असेल तर रंग रक्तासारखा लाल होतो. मी दोन नळ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. एकीत प्लॅस्टिकच्या जुन्या कॅनच्या तळाशी उरलेल्या तेलाचा अर्क, दुसरीत ड्रममधल्या तेलाचा. दोन्हींत थेंब टाकले. पहिली फिकट राहिली. दुसरी आमच्या तिघांच्या देखत लालभडक झाली.

साहेब उठून उभे राहिले. नळी उजेडात धरून त्यांनी उलटसुलट पाहिली. मग ती खाली ठेवली आणि यासीनभाईंसमोर जाऊन हात जोडले. "यासीनभाई, मी सगळ्यांसमोर तुमच्यावर संशय घेतला. सगळ्यांसमोर माफी मागेन."

"जाऊ द्या साहेब," यासीनभाई म्हणाले. पण त्यांचे डोळे भरले होते. आणि साहेबांनी खरोखरच त्याच दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांना उभं करून माफी मागितली. हा मोठेपणा मी दुसऱ्या कुठल्या साहेबात पाहिला नाही.

शनिवार-रविवार आम्ही प्रयोगशाळेत चंबू लावले. काही चंबूंत नुसता रस, काहींत कॅनमधल्या तेलाचा थेंब, काहींत ड्रममधल्या. सोमवारी संचालक आले तेव्हा चंबू टेबलावर ओळीने मांडलेले होते. ड्रमच्या तेलाचे चंबू दाट, माजलेले. बाकीचे विरळ.

संचालकांनी दाट चंबूकडे बोट केलं. "हे चांगले दिसतायत."

"तेच तर बिघडलेले आहेत, सर," मी म्हटलं, आणि लोह, रिप्रेसर, ड्रम, सगळं सांगितलं. ते हिशेबाचे माणूस, शास्त्राचे नव्हते, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा कारखाना एका तेलाच्या डब्यानं बंद पाडला?"

"बंद पडलेला नाही अजून. एक टाकी लावू द्या."

त्यांनी करंदीकर साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मी यांच्या बाजूने आहे. माझं म्हणणं चुकीचं होतं."

एक टाकी मिळाली. काचेच्या बरण्यांतलं ताजं तेल आणलं. यासीनभाईंनी टाकी लावली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्यापाशी थांबले. वाढ विरळ झाली, जशी हवी तशी. रस गाळून माझ्याकडे आला.

विष किती आहे ते मोजायची आमची रीत साधी आणि सुंदर आहे. काचेच्या नळ्या ओळीने लावायच्या, प्रत्येकीत सारखं विष घालायचं आणि डावीकडून उजवीकडे वाढत्या प्रमाणात विषाचा उतारा घालायचा. मग सगळ्या नळ्या कोमट पाण्यात ठेवायच्या. ज्या नळीत विष आणि उतारा तोलास तोल जमतात, तिच्यात सगळ्यात आधी बारीक पांढरे कण धरतात, दूध नासल्यासारखे. ती नळी सांगते विष किती.

त्या सकाळी पाण्याच्या त्या लहानशा टाकीभोवती अख्खा विभाग उभा होता. यासीनभाईंना पांढरा गाऊन चढवून आत आणलं होतं, एरवी त्यांना तिथं यायची परवानगी नसे. संचालकही होते. चांगल्या दिवसांत कण मधल्या नळीत धरायचे, म्हणून सगळ्यांचे डोळे मधल्या नळीवर. ती काचेसारखी स्वच्छच राहिली. तिच्या डावीकडच्याही स्वच्छ. करंदीकर साहेबांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात यासीनभाई हळूच म्हणाले, "मॅडम, ही शेवटची बघा."

उजवीकडची अगदी शेवटची नळी. तिकडे कुणी बघतच नव्हतं. तिच्यात पांढरे कण तरंगत होते, स्पष्ट, भरघोस. मोजपट्टीच संपली होती. इतकं विष त्या टाकीने कधीच दिलं नव्हतं. म्हणजे कॅनमधल्या तेलातही थोडं लोह असणार आणि आम्ही ते इतकी वर्षं चांगलं समजून चालत होतो! तेल न पडलेल्या त्या टाकीला हवाच कमी मिळाली होती, म्हणून ते तेव्हा लक्षात आलं नाही.

आधी मी ओरडले की करंदीकर साहेब, आठवत नाही. एवढं आठवतं की प्रयोगशाळेत टाळ्या वाजवायला बंदी आहे हे सगळेच विसरले. संचालकांनी मला विचारलं, "हे चांगलं ना?" आणि पहिल्यांदाच सगळे त्यांच्यावर मोकळेपणाने हसले. विभाग बंद व्हायची गोष्ट त्या दिवसापासून कुणी काढली नाही.

घरी फोन केला तेव्हा आईला एवढंच सांगितलं की, विष परत आलं, पूर्वीपेक्षा जास्त आलं. दुसऱ्या दिवशी तिने मासळी बाजारात सांगून टाकलं, "माझे पोरीचा इख लय जहाल निघाला." काही गिऱ्हाइकं म्हणे त्या दिवशी दुसरीकडे गेली.

त्यानंतर कंपनीत माझं नाव "रिप्रेसरवाली बाई" पडलं. शेजारच्या विभागात दुसऱ्या एका जिवाणूकडून औषधी प्रथिन बनवून घेत. त्यांची तक्रार उलटी होती. त्यांच्या जिवाणूतला रिप्रेसर दुधातल्या साखरेवर चालायचा, पण त्याचा स्वभाव वेगळा. आमच्याकडे लोह आलं की रिप्रेसर जनुकावर बसतो, त्यांच्याकडे साखर आली की रिप्रेसर जनुकावरून उठतो. तिथले लोक जिवाणू पुरता वाढला की मुद्दाम त्या साखरेसारखा पदार्थ घालून रिप्रेसरला उठवायचे. पण अलीकडे तो आपला आपणच लवकर उठत होता. अर्ध्या वाढीतच प्रथिन सुरू, जिवाणू दमून गळपटलेला.

मी विचारलं, "खाद्य कशाचं वापरता?"

"नवीन आलंय, दुधाच्या प्रथिनापासून केलेलं."

"त्यात दुधाची साखर राहिली असणार. थोडं ग्लुकोज घालून बघा. ग्लुकोज असेपर्यंत तो दुसऱ्या साखरेला आत घेत नाही."

त्यांनी घातलं. पुढची टाकी सरळ चालली. मला त्यांनी मिठाई दिली. खरं तर पाच मिनिटांचं काम होतं, पण मी मुळीच संकोच केला नाही. मिठाई घेतली.

मनात एक सल आहे, तोही सांगते. विष खरोखर मेलं की नाही, हे गिनीपिगांना टोचून बघावं लागे. त्यांना मी कधी नावं दिली नाहीत, पण त्यांच्या पिंजऱ्यावरून जाताना मान वळवून जायचे. आता दुसऱ्या रीती येत आहेत. त्या माझ्या काळात आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं फार वाटतं.

निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात पनवेलजवळच्या कोन गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरने मला बोलावलं. आसपास घटसर्पाचा एक रुग्ण सापडला होता आणि हमरस्त्याकडेच्या बांधकामावरचे मजूर पोरांना टोचून घ्यायला तयार नव्हते. मी गेले. पत्र्याच्या खोल्यांसमोर एक तरुण बाप आपल्या बाळाला छातीशी धरून उभा होता. मराठवाड्यातून आलेला, गवंडी.

"सुई दिली की ताप येतो," तो म्हणाला. "कामाचा खाडा होतो. आणि ह्यात काय घालतात, कुणाला म्हाईत?"

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "बनवणारी मीच होते."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी त्याच्याशेजारी दगडावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. विष कसं काढतात, कसं मारतात, आणि ते टोचलं नाही तर काय होतं. त्याला लोहाचं आणि रिप्रेसरचंही सांगितलं. गवंडी माणूस, गंजलेल्या ड्रमची गोष्ट त्याला लगेच पटली. "आमी पन गंजलेली सळई घेत नाही," तो म्हणाला. मग त्याने बाळाच्या अंगावरची दुलई बाजूला केली आणि मांडी पुढे धरली.

सिस्टरने सुई टोचली. बाळाने क्षणभर श्वास रोखला, तोंड लालबुंद केलं आणि असा टाहो फोडला की रस्त्यापलीकडचे मजूर काम थांबवून बघू लागले. बाप घाबरला. "ताई, बघा की, किती वरडतोय!"

"ओरडू दे," मी म्हटलं. "घसा मोकळा आहे त्याचा."